केसपेपर जेथे संपतो

आपल्या स्मरणिकेत दरवर्षी एखाद्या सभासदाने आपल्या छंदाविषयी लिहावे, असा प्रघात पडला आहे. यंदा ही पाळी माझ्यावर आली. माझ्यापाशी सांगण्यासारखा छंद एकच, तो म्हणजे वाचनाचा. आणि तोही ग्रंथालयातून पुस्तक आणावे, मुदतीत वाचावे आणि पुढच्या वाचकासाठी परत करावे, एवढ्याच स्वरूपाचा. पलसाण्यासारख्या तालुक्याच्या गावी राहून मराठी पुस्तके मिळविणे हे थोडे खटपटीचे काम आहे. सुरतेला जाणे झाले की तेथील ग्रंथालयाच्या मराठी विभागात अर्धा तास घालवायचा आणि दोन पुस्तके पिशवीत टाकून परतायचे, हा अनेक वर्षांचा क्रम आहे.

आणलेल्या पुस्तकांची नोंद मी एका वहीत ठेवतो. हा लेख लिहिण्याच्या निमित्ताने गेल्या वर्षाची पाने चाळली, तेव्हा एक गंमत ध्यानात आली. त्यांतील बहुतेक पुस्तके डॉक्टरांनी लिहिलेली किंवा डॉक्टरांविषयीची होती. असे काही ठरविले नव्हते. एका पुस्तकाने दुसऱ्याची आठवण करून दिली आणि साखळी तयार झाली. या पुस्तकांच्या भाषा, काळ आणि प्रकृती भिन्न आहेत. तरीही ती मला एकाच गोष्टीकडे घेऊन गेली. आपण केसपेपरवर रोग लिहितो, तपासण्या लिहितो, औषधे लिहितो; तेथे कागद संपतो. रोगी मात्र तेथे संपत नाही. तो कोठून आला आणि औषध घेऊन कोणत्या घरी परत जाणार आहे, हे सांगण्याचे काम बहुधा पुस्तकांनाच करावे लागते.

सुरतेच्या डॉक्टरीणबाई

मराठी वाचकाला पुस्तकांत सुरत भेटते ती प्रामुख्याने १६६४ आणि १६७० या दोन सालांत. शाळेच्या इतिहासापासून ऐतिहासिक कादंबऱ्यांपर्यंत हीच दोन साले पुन्हापुन्हा येतात. परंतु सुरतेशी मराठी माणसाचा आणखी एक संबंध आहे आणि तो आपणा डॉक्टरांना अधिक जवळचा वाटावा असा आहे. मोहिनी वर्दे यांनी लिहिलेले ‘डॉ. रखमाबाई : एक आर्त’ हे चरित्र वाचताना तो उलगडत जातो.

रखमाबाईंचे नाव आपल्याला ठाऊक असते ते एका खटल्यामुळे. जन्म २२ नोव्हेंबर १८६४ चा. वयाच्या अकराव्या वर्षी त्यांचे लग्न दादाजी भिकाजी यांच्याशी झाले. पण त्या माहेरीच राहिल्या. त्यांचे सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन हे मुंबईतील नामवंत डॉक्टर आणि वनस्पतींचे अभ्यासक होते; बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या संस्थापकांत त्यांची गणना होते. दादाजींनी १८८४ मध्ये पत्नीचा ताबा मिळावा म्हणून दावा लावला. न्यायमूर्ती पिन्ही यांनी १८८५ मध्ये निकाल रखमाबाईंच्या बाजूने दिला. पण अपिलानंतर मार्च १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी ‘नवऱ्याच्या घरी जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा’ अशा अर्थाचा हुकूम दिला. रखमाबाईंनी तुरुंग पत्करण्याची तयारी दाखविली. अखेर १८८८ मध्ये दोन हजार रुपये देऊन तडजोड झाली. संमतिवयाचा जो कायदा १८९१ मध्ये झाला, त्यामागच्या वादळात या खटल्याचा मोठा वाटा होता.

बहुतेकांच्या स्मरणात ही कथा येथेच थांबते. मला स्वतःला पुस्तकाचा त्यानंतरचा भाग अधिक महत्त्वाचा वाटला. कामा रुग्णालयाच्या डॉ. ईडिथ पीची यांच्या प्रोत्साहनाने रखमाबाई १८८९ मध्ये लंडनच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात दाखल झाल्या. शिक्षण पुरे करून परतल्यावर १८९५ पासून त्यांनी सुरतेच्या स्त्रियांच्या रुग्णालयाची जबाबदारी सांभाळली आणि वीस वर्षांहून अधिक काळ ती निभावली. पुढे राजकोटच्या स्त्रियांच्या रुग्णालयातही त्यांनी दीर्घकाळ काम केले. २५ सप्टेंबर १९५५ रोजी वयाच्या एक्क्याण्णवाव्या वर्षी त्यांचे निधन झाले. खटला चार वर्षांचा. वैद्यकसेवा पस्तीस वर्षांची. आपल्या सार्वजनिक स्मृतीने मात्र चार वर्षे जपली आणि पस्तीस वर्षे बाजूला ठेवली.

सुरतेतील आरंभीच्या दिवसांची एक हकीकत सांगितली जाते. बाळंतपणासाठी रुग्णालयात येण्यास बायका धजत नसत. तेथे गेलेली बाई जिवंत परत येत नाही, अशी समजूत होती. तेव्हा रखमाबाईंनी एक गाभण शेळी रुग्णालयात आणून तिची प्रसूती करविली, ती सुखरूप झाल्याचे लोकांना दाखविले आणि मग बायकांचा धीर चेपला. या हकिकतीतील तपशील काळाच्या ओघात थोडेफार बदलले असतील. तिच्यातील वैद्यकीय शहाणपण मात्र अस्सल आहे. लोकांच्या भीतीला त्यांनी अडाणीपणा म्हटले नाही. भीतीला उत्तर द्यायचे तर ते लोकांच्या ओळखीच्या गोष्टीतूनच द्यावे लागते, हे त्यांनी ओळखले. आज लसीकरणाच्या वेळी एखादी आई बाळाला पदराआड घेऊन मागे सरते, तेव्हा ही शेळी आठवावी.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पश्चिम भारतात प्लेग पसरला आणि सुरतही त्यातून सुटली नाही. रखमाबाई आपल्या कामावर राहिल्या. त्यांना कैसर-इ-हिंद पदकही मिळाले. सप्टेंबर १९९४ मध्ये याच सुरतेत प्लेगची बातमी पसरली, तेव्हाची अवस्था आपल्यातील ज्येष्ठांनी पाहिली आहे. रेल्वे स्थानकावर लोटलेली गर्दी, तोंडाला बांधलेले रुमाल, ओस पडलेले रस्ते आणि बंद झालेले अनेक दवाखाने. नंतर शहर स्वच्छ झाले, त्याचे कौतुकही झाले. परंतु साथीच्या काळात डॉक्टर जागेवर असणे हेच निम्मे औषध असते, ही गोष्ट १८९७ मध्ये जितकी खरी होती तितकीच १९९४ मध्ये आणि २०२० च्या कोरोनाकाळातही खरी ठरली.

एकीचे आयुष्य एकवीस वर्षांचे

रखमाबाईंच्या मागोमाग श्री. ज. जोशी यांची ‘आनंदी गोपाळ’ पुन्हा आणली. ही कादंबरी १९६८ ची. पहिल्यांदा ती महाविद्यालयात असताना वाचली होती आणि तेव्हा गोपाळरावांच्या विक्षिप्त, हट्टी स्वभावातच मन अडकून राहिले होते. या खेपेस दोन तारखा शेजारी शेजारी मांडून वाचली. आनंदीबाईंचा जन्म ३१ मार्च १८६५ चा. म्हणजे रखमाबाईंहून त्या अवघ्या चार महिन्यांनी लहान. एकीला नवऱ्याच्या हट्टाने शिकावे लागले. दुसरीला नवऱ्याच्या दाव्याशी झगडून शिकावे लागले. आनंदीबाईंना ११ मार्च १८८६ रोजी पेनसिल्व्हेनियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयाची पदवी मिळाली. कोल्हापूरच्या रुग्णालयातील नेमणूकही ठरली होती. परंतु क्षयाने पोखरलेल्या शरीराने साथ दिली नाही आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. वय बावीसही पुरे नव्हते. त्यानंतर काही दिवसांतच मुंबईच्या न्यायालयात रखमाबाईंविरुद्धचा तो हुकूम सुटला.

चौदाव्या वर्षी झालेले आणि दहाच दिवस जगलेले मूल आनंदीबाईंनी आयुष्यभर मनात वागविले. वैद्यकशास्त्र शिकण्यामागे ती वेदना होती, असे त्यांच्या चरित्रावरून दिसते. पदवीसाठीचा त्यांचा प्रबंधही प्रसूतिशास्त्रावरचाच होता. प्रसूतिगृहाच्या नोंदवहीत ‘नवजात मृत्यू’ असे दोन शब्द लिहून आपण पान उलटतो. त्या दोन शब्दांच्या मागे एक मुलगी उभी असते आणि तिच्या मनात पुढे काय घडते ते कोणत्याही नोंदवहीत येत नाही, हे या कादंबरीने पुन्हा जाणवून दिले.

अठरा सेकंद

तिसरे पुस्तक डॉ. राणी बंग यांचे ‘कानोसा’. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये गडचिरोलीत ‘सर्च’ ही संस्था उभारली. तेथील दोन खेड्यांतील स्त्रियांची तपासणी करून त्यांनी केलेला अभ्यास १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला, हे आपल्यापैकी अनेकांना माहीत आहे. तपासलेल्या स्त्रियांपैकी सुमारे ९२ टक्के स्त्रियांना एक ना एक स्त्रीरोग होता आणि त्यासाठी पूर्वी कधी तपासणी झालेल्या स्त्रिया शेकडा आठही नव्हत्या. ग्रामीण स्त्रीचे आरोग्य म्हणजे गर्भारपण आणि कुटुंबनियोजन, या रूढ समजुतीला त्या आकड्यांनी धक्का दिला.

‘कानोसा’ वाचताना त्या आकड्यांमागील आवाज ऐकू येतात. पुस्तकाचे नावच किती नेमके आहे! कानोसा घेणे म्हणजे मुद्दाम थांबून, जे स्पष्ट बोलले जात नाही त्याकडे कान लावणे. आपल्याकडे येणारी बाई ‘कंबर दुखते’, ‘अशक्तपणा वाटतो’ असे सांगून सुरुवात करते. ‘अंगावरून पांढरे जाते’ हे वाक्य येते ते सर्वांत शेवटी; पुष्कळदा उठून दाराशी गेल्यावर, आणि तेही सोबतची सासू बाहेर असेल तरच. तोवर आपण कॅल्शियमची गोळी लिहून मोकळे झालेले असलो, तर ते वाक्य तिच्याबरोबरच घरी परत जाते.

या संदर्भात अमेरिकेतील बेकमन आणि फ्रँकेल या दोन संशोधकांचा १९८४ मधील एक अभ्यास सांगण्यासारखा आहे. त्यांनी डॉक्टर व रोगी यांच्या ७४ भेटींचे ध्वनिमुद्रण तपासले. रोग्याने आपली तक्रार सांगायला सुरुवात केल्यावर डॉक्टरांनी सरासरी अठराव्या सेकंदाला त्याला मध्येच थांबविले होते. आपले म्हणणे पुरते मांडू शकलेल्या रोग्यांचे प्रमाण एक चतुर्थांशही नव्हते. आपल्या बाह्यरुग्ण विभागातील सकाळच्या रांगा पाहता येथे घड्याळ लावले तर काय दिसेल, याचा अंदाज ज्याने त्याने करावा. गर्दीची सबब खरी आहे. परंतु गर्दीच्या दिवशी नेमके कोणाचे बोलणे पुरते ऐकायचे, हे ओळखण्याचे कौशल्य अंगी आणावे लागते. आणि तीनशे पानांत एका माणसाचे म्हणणे न तोडता ऐकून घेणे, हा त्याचा उत्तम सराव आहे. आंतोन चेखव डॉक्टर होते ते उगीच नव्हे.

माणसे आणि त्यांची बोली

डॉ. अनिल अवचट यांनी पुण्याच्या बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयातून पदवी घेतली. पण रूढ अर्थाने व्यवसाय केला नाही. २७ जानेवारी २०२२ रोजी ते गेले, तेव्हा अनेकांनी त्यांची छंदिष्ट लेखक म्हणून आठवण काढली. त्यांचे ‘माणसं’ हे १९८० चे पुस्तक वाचताना मला मात्र त्यांच्यातला डॉक्टर सतत जाणवत होता. तंबाखूच्या वखारीत काम करणाऱ्या बाया, ओझी वाहणारे हमाल यांच्याविषयी ते लिहितात, तेव्हा ते जणू सविस्तर ‘हिस्टरी’च घेत असतात. किती तास काम, किती मजुरी, श्वासात काय जाते, लेकरू कोठे झोपते. फक्त निदानाच्या जागी ते एखाद्या अवयवाचे नाव लिहीत नाहीत. ज्या व्यवस्थेत ते शरीर राबते, त्या व्यवस्थेचे वर्णन करतात. पत्नी डॉ. सुनंदा यांच्यासह १९८६ मध्ये त्यांनी पुण्यात ‘मुक्तांगण’ हे व्यसनमुक्ती केंद्र उभारले, तेही याच दृष्टीचे फळ होते.

हे पुस्तक पलसाण्यात बसून वाचावे असेच आहे. आपल्या भोवती रंगाई-छपाईच्या गिरण्या आहेत, यंत्रमाग आहेत, ऊसमळे आहेत. भुसावळ लाइनने खानदेशातून आलेली, ओडिशातून आणि उत्तर प्रदेशातून आलेली माणसे या यंत्रांवर बारा बारा तास उभी असतात. थंडीच्या सुमारास डांग, नंदुरबार, धुळे या भागांतून ऊसतोडीच्या टोळ्या येतात आणि उसाच्या फडाशेजारी पाल टाकतात. कोयत्याने कापलेला हात आपण शिवतो आणि ‘आठ दिवस हात भिजवू नका, विश्रांती घ्या’ असे सांगतो. तोडीचा हिशेब जोडीवर होत असेल, तर एक हात थांबला की दोघांची मजुरी थांबते. अशा वेळी टाके आठ दिवसांऐवजी पाचव्या दिवशी उसवून का आले, याचे उत्तर जखमेत शोधून सापडत नाही.

आणि ही माणसे बोलतात कोणती भाषा? खानदेशातून आलेला आजोबा ‘पोट दुखस’ म्हणतो, तेव्हा त्याला ‘शुद्ध बोला’ असे सांगणारा डॉक्टर त्याच्या रोगापासून एक पाऊल दूर जातो. या निमित्ताने बहिणाबाई चौधरींच्या कवितांचे पुस्तक आणले. जळगावजवळच्या आसोद्याच्या बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हते. जात्यावर, शेतात, चुलीपाशी त्या ओव्या रचीत. सोपानदेवांनी आणि इतरांनी त्या टिपून ठेवल्या. ३ डिसेंबर १९५१ रोजी त्या गेल्या आणि १९५२ मध्ये आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह त्यांची गाणी प्रसिद्ध झाली. जिला आपल्या शेजारची बाई ‘अडाणी’ म्हणाली असती, तिच्याजवळ एवढे मोठे धन होते आणि ते कोणीतरी ऐकून टिपले म्हणून उरले. आपल्या दवाखान्याच्या बाकावर नंबर येण्याची वाट पाहणाऱ्या म्हातारीकडे बघण्याची रीत या एका पुस्तकाने बदलू शकते.

डॉक्टर आजारी पडतो तेव्हा

डॉ. अभय बंग यांचे ‘माझा साक्षात्कारी हृदयरोग’ हे पुस्तक २००० मध्ये आले आणि पुष्कळ मराठी घरांत पोचले. आपल्यापैकी कित्येकांनी ते रुग्णांना वाचायला सांगितले असेल. मी ते या वर्षी पुन्हा वाचले आणि या खेपेस ते रुग्णांसाठी कमी आणि डॉक्टरांसाठी अधिक लिहिले आहे असे वाटले. चव्वेचाळिसाव्या वर्षी, दुसऱ्यांच्या आरोग्यासाठी झटणाऱ्या एका डॉक्टरला हृदयविकाराचा झटका येतो. मग तो आपला आहार, व्यायामाचा अभाव, धावपळ, राग आणि ताण यांची तपासणी एखाद्या संशोधकाच्या काटेकोरपणे करतो. खाटेच्या दुसऱ्या बाजूला गेल्यावर त्याला जे दिसते, ते कोणत्याही पाठ्यपुस्तकात नसते.

आपल्या व्यवसायबंधूंचे दिवस कसे जातात ते आपण जाणतोच. सकाळी रुग्णालय, दुपारी जेवणाची वेळ टळलेली, रात्री अकरापर्यंत दवाखाना, त्यानंतर एखादी तातडीची भेट. रुग्णांना रोज चालण्याचा सल्ला देणाऱ्यांपैकी किती जण स्वतः चालतात? येथे वाचनाचा एक साधा लाभही सांगून ठेवतो. रात्री अर्धा तास पुस्तक हाती घेतले की मोबाइल आपोआप दूर राहतो, डोके दिवसभराच्या रोग्यांतून बाहेर येते आणि झोप बरी लागते. हे माझ्या अनुभवापुरते आहे. त्याला शास्त्रीय निष्कर्षाचा दर्जा कोणी देऊ नये.

लाकडी पेटीची गोष्ट

आता शेवटचा, आणि माझ्या मते अधिक निकडीचा मुद्दा. ही पुस्तके मला मिळाली, कारण ती ग्रंथालयात होती. पण त्यांच्या पहिल्या पानावर चिकटविलेल्या तारखांच्या चिठ्ठ्या पाहिल्या की मन खिन्न होते. पूर्वी एकेका वर्षात अनेक शिक्के पडलेले दिसतात; मग शिक्क्यांमधले अंतर वाढत जाते. काही चिठ्ठ्यांवर माझ्या आधीचा शिक्का कित्येक वर्षांपूर्वीचा आहे. जे पुस्तक कोणी मागत नाही, ते आज ना उद्या गठ्ठ्यात बांधले जाते. ग्रंथपालाचाही नाइलाज असतो. आपली मुले गुजराती वा इंग्रजी माध्यमात शिकतात, आणि ते योग्यही आहे. गुजरातीने मराठी माणसाला परके मानले नाही. मूळचे मराठी असलेले काका कालेलकर गुजरातीत असे लिहिते झाले की गांधीजींनी त्यांना ‘सवाई गुजराती’ म्हटले. पण नवी भाषा आपलीशी करताना घरची भाषा केवळ बोलण्यापुरती उरली, तर दोन पिढ्यांनंतर ‘कानोसा’ हा शब्दही समजावून सांगावा लागेल.

यावर उपाय शोधायला फार लांब जाण्याची गरज नाही. तो आपल्या या भूमीच्याच इतिहासात आहे. पलसाणा स्वातंत्र्यापूर्वी बडोदे संस्थानच्या नवसारी प्रांतात होते. ज्या महाराजांच्या अमलाखाली हे गाव होते, ते सयाजीराव गायकवाड मूळचे मालेगावजवळच्या कवळाणे गावच्या शेतकऱ्याचे पुत्र. १८७५ मध्ये दत्तक आले तेव्हा त्यांना अक्षरओळखही नव्हती. त्यांनी पुढे संपूर्ण संस्थानात सक्तीचे मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केले. शिकलेला माणूस वाचायला काही न मिळाल्याने पुन्हा निरक्षर होतो, हे ध्यानात येताच १९१० मध्ये अमेरिकेतून विल्यम बॉर्डन या ग्रंथालयतज्ज्ञांना बोलावून त्यांनी ग्रंथालयांचे जाळे विणले. गावाने एक तृतीयांश खर्च उचलावा, एक तृतीयांश प्रांत पंचायतीने व उरलेला सरकारने, अशी ती योजना होती. जेथे ग्रंथालय नव्हते, तेथे पुस्तकांनी भरलेल्या लाकडी पेट्या जात. वाचून झाले की पेटी पुढच्या गावी.

हीच पेटी आपण पुन्हा का फिरवू नये? आपल्या मंडळाच्या सभासदांचे दवाखाने पलसाणा, कडोदरा, चलथाण, बारडोली असे विखुरलेले आहेत. पंचवीस पुस्तकांची एक पेटी करावी. त्यात दहा मराठी, दहा गुजराती आणि पाच मुलांची पुस्तके असावीत. एका दवाखान्यात ती दोन महिने राहील, मग पुढच्या दवाखान्यात जाईल. बाकावर बसलेला रोगी, त्याच्याबरोबर आलेला मुलगा, आपला कंपाउंडर, परिचारिका, ज्याला हवे त्याने पुस्तक न्यावे. नाव एका साध्या वहीत लिहावे. काही पुस्तके परत येणार नाहीत. ती कोणाच्या तरी घरी वाचली जात असतील असे समजावे आणि त्या जागी दुसरी ठेवावीत. खर्चाचा विचार केला, तर एका पेटीची किंमत एखाद्या परिषदेच्या नोंदणी शुल्काहून अधिक होणार नाही.

पेटीसाठी माझ्याकडून पहिली दोन पुस्तके मी विकत आणून ठेवली आहेत. एक रखमाबाईंचे चरित्र आणि दुसरे बहिणाबाईंची गाणी. उरलेली तेवीस कोणती असावीत, हे ठरविण्यासाठी मंडळाच्या पुढील सभेत प्रत्येकाने निदान एका पुस्तकाचे नाव घेऊन यावे, एवढीच विनंती.